लाल बाणांचं रीळ

१ फेब्रुवारी

सव्वीस वर्षं रोज संध्याकाळी रिपोर्ट लिहिला. किती शर्ट तपासले, किती परत पाठवले, कुठे टाका सुटला, कुठे कॉलर वाकडी. कारखाना सुटला तरी हात काही ऐकेना, म्हणून ही वही काढली. आजपासून रिपोर्ट आपल्या स्वतःच्या दुकानाचा!

दुकान कपड्यांच्या दुरुस्तीचं. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, सैल झालेलं फिट करणं, असली कामं. शिवणार धाकटी, म्हणजे माझी बहीण. तपासणार मी. धाकटी पंधरा वर्षं घरातच, स्वयंपाकघराच्या दाराशी मशीन ठेवून लोकांची कामं करत आली. नवरा तिला आणि पोरीला टाकून गेला तेव्हापासून त्या घराचं सगळं त्या मशीनवर. मीच तिच्या मागे लागलो, अगं, किती दिवस दाराआड बसून शिवणार? रस्त्यावर ये, बोर्ड लाव. ती म्हणाली, "दादा, घरची गिऱ्हाइकं तुटतील रे." मी म्हटलं, तुटली तर मी आहे ना.

आज सकाळी तिचं मशीन टेंपोतून आणलं. गाळा सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलाय. चाललं तर पुढे, नाहीतर मालकाकडे दुसरा माणूस तयारच आहे. चालणारच. या गावात माझ्याइतकी बारीक नजर कुणाची आहे?

सेंडऑफला साहेबांनी घड्याळ दिलं आणि चेकिंगच्या लोकांनी चेष्टेत लाल बाणांचं अख्खं रीळ दिलं. आमच्याकडे दोष सापडला की तिथे हा चिकटबाण लावायचा, टोक दोषाकडे, आणि कपडा परत लाइनवर. ही म्हणाली, "घड्याळ घरात राहू दे, ते बाण दुकानात न्या. नाहीतर भाजीवर लावाल." ही पोस्टात काउंटरवर बसते, त्यामुळे जीभ जरा सैल आहे.

६ फेब्रुवारी

परवा पहिलं गिऱ्हाईक आलं. शाळामास्तर, एक पँट, उंची कमी करायची. धाकटीने पंधरा मिनिटांत केली. मी उलटी करून पाहिली. इंचात अकरा टाके हवेत, नऊ होते. बाण लावला. मास्तर बाकावर बसून होते, त्यांना म्हटलं उद्या या. धाकटीने परत शिवली. आता टाके अकरा होते, पण डाव्या पायाचा जोड सुताएवढा मागे. परत बाण. मास्तर आज तिसऱ्या दिवशी पँट घेऊन गेले. म्हणाले, "मला नुसती पायात येत होती हो."

धाकटी हसली. मला नाही हसू आलं. लोकांना दर्जाची सवयच राहिलेली नाही, ती लावावी लागेल.

१९ फेब्रुवारी

समोरच्या बाजूला एकाने दुकान थाटलंय. बोर्ड काय, तर ‘उभ्या उभ्या दुरुस्ती’. चहा प्यायच्या निमित्ताने जाऊन पाहून आलो. निळ्या पँटीला काळा दोरा! राजरोस! आणि लोक रांगेत उभे, गप्पा मारताहेत, तो मध्येच कुणाचं तुटलेलं बटण फुकट लावून देतोय. मला तर चहा गोड लागेना.

धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, "दादा, घाईतल्या माणसाला दोरा नाही दिसत रे. त्याला बस दिसते." मी म्हटलं, तू त्याची वकील आहेस का? गप्प बसली. ती अशी गप्प बसली की मशीनचा आवाज वाढतो.

३ मार्च

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये व्याख्यान होतं, ‘छोटे धंदे का बुडतात’. धाकटीला घेऊन गेलो. मापांची वही तिच्यासोबत असतेच, ती त्यातच लिहून घेत होती. व्याख्याता हुशार होता, पाच कारणं सांगितली. एक, खिशाचा अंदाज न घेता उडी मारणं. दोन, चुकीची जागा. चार, हिशोब न ठेवणं. पाच, जम बसायच्या आत पसारा वाढवणं. आपण एकातही बसत नाही, हे ऐकून बरं वाटलं.

तिसरं मात्र हुकलं. नेमका तेव्हा त्याने फळ्याकडे हात केला आणि माझं लक्ष बाहीवर गेलं. उजवी बाही खांद्यात अर्धा इंच फिरवून लावलेली! एवढा मोठा माणूस, शंभर लोकांपुढे उभा, आणि शिंप्याने त्याला असं पाठवलं. तिसरं कारण संपेपर्यंत मी त्या बाहीतच.

घरी येताना धाकटीला विचारलं, तिसरं काय होतं गं? ती पायाखालचा रस्ता बघत म्हणाली, "असंच काहीतरी, दादा. आपल्याला लागू नाही."

मग झालं तर.

१४ मार्च

आज एक वयस्कर बाई आल्या. नवऱ्याचा लोकरी कोट घेऊन. ते गेले, आता कोट त्यांना स्वतःला अंगात घालायचाय, तर खांदे आत घेऊन द्या म्हणाल्या. कोट मी टेबलावर पसरला. काय सांगू! अस्तर ओढलेलं, खिसे वरखाली, कॉलरचं एक टोक दुसऱ्यापेक्षा लांब. बाण लावत गेलो, एकूण नऊ. बाईंना एकेक समजावून सांगितला. म्हटलं, ज्याने शिवला त्याने तुमच्या यजमानांना सरळसरळ फसवलं.

बाईंनी एका बाणावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "तेवीस वर्षं घातला त्यांनी. कुणाला दिसलं नाही हो." आणि बाणांसकट कोटाची घडी करून निघाल्या. धाकटी मशीन तसंच टाकून त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत धावली. परत आली तेव्हा डोळे लाल. माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

आता मी काय चुकीचं बोललो? जे होतं ते सांगितलं. खोटं बोलून धंदा करायचा असता तर सव्वीस वर्षं खालमानेने शर्ट कशाला तपासले असते?

२ एप्रिल

पाच दिवस तापाने फणफणलो होतो. हिने रजा टाकली आणि माझ्या जागी दुकानात बसली. एरवी आठवड्यात जेवढे कपडे जातात तेवढे म्हणे दोन दिवसांत गेले. शाळामास्तर तीन पँटी घेऊन आले, सोबत दोन मास्तर. धाकटी गुणगुणत होती म्हणे.

मी हिला विचारलं, तू नेमकं काय केलंस?

"काही नाही. कधी हवंय ते विचारलं आणि तेव्हा दिलं."

"आणि तपासलंस कसं?"

"घालून बघा म्हटलं. बसलं की झालं."

नशीब म्हणायचं हिचं. पहिली तारीख होती, लोकांच्या हातात पगार होते. तशा दिवसांत कुणीही बसलं असतं तरी कामं आलीच असती.

४ एप्रिल

दुकानात जाऊन हिशोबाची वही पाहिली. सदतीस कपडे तपासल्याविना गेलेत. सदतीस! कारखान्यात असा माल बाहेर पडला तर ट्रक परत बोलावतात. फोन नंबर होतेच. लावला एकेकाला. नमस्कार, आपल्या पँटमध्ये दोष असण्याची शक्यता आहे, कृपया परत आणून द्यावी.

अकरा जण आले. त्यातल्या चौघांनी आधी तिथेच कपडा वरखाली करून पाहिला आणि विचारलं, "कुठाय दोष?" मी दाखवला. एकजण म्हणाला, "हे मला फोन येईपर्यंत माहीत नव्हतं. आता दुसरं काही दिसतच नाही." कपडा दुरुस्तीला न देता घेऊन गेला. बाकीच्यांनीही परत नेले.

संध्याकाळी ही कपाळावर हात मारून म्हणाली, "अहो, लोकांच्या अंगावरचं समाधान उतरवून घेणारा दुकानदार मी पहिल्यांदाच बघतेय." मला रागही आला आणि रडूही. मी त्यांच्या भल्याचंच करतोय ना? मग माणसं अशी का बघतात माझ्याकडे, जणू मी त्यांच्या खिशात हात घातला?

२३ एप्रिल

एक मुलगी, काळा ब्लेझर, कमरेत आवळायचा. मुलाखत सोमवारी सकाळी दहाला. धाकटीने शुक्रवारी दुपारीच संपवला. मी शनिवारी तपासला, बाण लावला, परत केला. धाकटी म्हणाली, "दादा, आता राहू दे. तिला घालून सवय करू दे एक दिवस." मी म्हटलं, मुलाखतीचा कपडा आहे, तिथे बघणारे माझ्यासारखेच असतात.

सोमवारी ती नऊला धापा टाकत आली आणि घेऊन पळाली. दुपारी फोन आला. आवाज अगदी शांत. म्हणाली, पाठीवर, कॉलरच्या खाली एक लाल बाण होता. खोलीतून बाहेर पडताना मागून कुणीतरी हसलं, तेव्हा कळलं.

शेवटचा बाण काढायचा राहिला. माझ्याकडून. सव्वीस वर्षांत एकदाही असं झालं नव्हतं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर फोन ठेवलेला. धाकटी समोर बसून होती. तिने पाण्याचा पेला पुढे ठेवला फक्त.

११ मे

आज धाकटी मशीन घेऊन गेली.

सकाळी आली, बसली, दोरा ओवला आणि हात मांडीवर ठेवून म्हणाली, "दादा, मला शिवता येत नाहीये."

"काय झालं? बोट दुखतंय का?"

"भीती वाटते. सुई खाली गेली की मी टाके मोजते. रात्रीच्या स्वप्नातही मोजते. पंधरा वर्षं मी कधी मोजले नाहीत रे. हाताला कळायचं." मग, "घरची गिऱ्हाइकं विचारतायत, परत सुरू करशील का म्हणून. पोरीचं शेवटचं वर्ष आहे. मला चालू ठेवायलाच हवं. दादा, तू रागावू नकोस."

मी रागावलो नाही. रागावायला काहीतरी हाताशी लागतं. मी म्हटलं, करार जुलैअखेरपर्यंत आहे, थोडं थांब, रुळेल सगळं. ती म्हणाली, "तू रुळशील का?" आणि लगेच जीभ चावली. डोळे पुसून माझ्या खांद्यावर हात ठेवला, लहानपणी मी तिच्या ठेवायचो तसा.

मशीन एका बाजूने मीच उचललं. दुसरं काय करणार होतो? टेंपोत चढवताना पायडल मोकळं सुटून माझ्या नडगीवर आदळलं, तर तीच माझा पाय चोळत बसली. तिचा तो केविलवाणा चेहरा बघून मला वाटलं, मी हिला बाहेर काढलं की आत ढकललं? टेंपो गेल्यावर दुकानात आलो. मशीनच्या चार पायांचे चार ठसे फरशीवर दिसत होते.

२९ मे

दुसरा शिंपी ठेवला. चांगला होता. साडेतीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी दुपारी त्याने एक बाण स्वतःच्या कपाळावर लावला, मला सलाम ठोकला आणि चालू लागला. समोरच्या रांगेतले लोक टाळ्या पिटून हसले. ‘उभ्या उभ्या’वाला मात्र हसला नाही. त्याने मला हात केला, ये, चहा घे. गेलो नाही. जायला हवं होतं का?

१६ जून

गिऱ्हाईक नाही. म्हटलं, स्वतःच शिकू. जुनं मशीन भाड्याने आणलं आणि माझीच करड्या रंगाची पँट घेतली.

हे फक्त या वहीत लिहितो. मला सरळ टीप मारता येत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या टिपा बघितल्या, पण मशीनवर पाय ठेवला तेव्हा कापड माझ्या हाताखालून गुरासारखं पळायला लागलं. तीन वेळा उसवलं. शेवटी एक पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर आखूड. सवयीने बाण लावत सुटलो. चौदा झाले तेव्हा हाताला कळलं की आपण काय करतोय.

धाकटी पंधरा मिनिटांत पँट करून द्यायची. पंधरा मिनिटांत! आणि मी तिला काय म्हणायचो? नऊच टाके.

७ जुलै

दिवसभर बसून होतो. समोरची रांग मोजली, ती मोजता येते. ही म्हणते, पंधरा दिवस आधीच किल्ली द्या, निदान मन मोकळं होईल. मी म्हटलं, अजून तीन आठवडे आहेत. तीन आठवड्यांत काय होणार आहे, ते मलाही सांगता येत नाही. दार उघडतो, पुसतो, बसतो. कारखान्यातून फोन होता, रोजंदारीवर चेकर हवेत, येता का. कळवतो म्हटलं.

३१ जुलै

आज किल्ली दिली. मालक बोलायला भला माणूस, म्हणाला, "जागाच चुकली तुमची." मी हो म्हटलं. नव्या माणसाने बाहेरून माप घ्यायला सुरुवातही केली होती.

ड्रॉवर रिकामा करताना मागच्या फटीत अडकलेली धाकटीची मापांची वही सापडली. ती मे महिन्यापासून शोधत होती. चाळली. छाती, कंबर, उंची, आणि प्रत्येकापुढे तिचं काहीबाही. ‘मास्तर, सायकलवर जातात, पायाची मोहोरी आवळून.’ ‘कोटवाल्या बाई, खांदे आत, पण खिसे तसेच ठेवायचे, त्यात त्यांचा हात जायचा.’ असलं काही मी कधी कुणाला विचारलंच नाही.

मधे एका पानावर ते व्याख्यान. एक, दोन, तीन, चार, पाच. तिसरं तिच्या बारीक अक्षरात असं: ‘गिऱ्हाईक काय मागतं ते न ऐकता मालक आपल्याच मनाचं समाधान करत बसतो.’

त्याच्यापुढे पेन्सिलने काहीतरी लिहून खोडलेलं होतं. खोडरबर छान फिरवलं होतं, कागद जराही फाटला नव्हता. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. मी वही उजेडाकडे तिरकी धरली. पेन्सिलचा दाब कागदात उरतो.

‘दादा.’

मार्चमधली गोष्ट आहे ही. दुकान उघडून महिना झाला होता. तेव्हापासून तिला माहीत होतं, आणि मे महिन्यापर्यंत ती रोज येऊन समोर बसली.

मी फरशीवर, त्या चार ठशांपाशी बसून राहिलो. मालक म्हणाला, बरं वाटत नाही का?

३ ऑगस्ट

वही द्यायला धाकटीकडे गेलो. सोबत ती करडी पँट. उद्यापासून कारखान्यात रोजंदारीवर, आणि दुसरी बरी पँट नाही.

स्वयंपाकघराच्या दाराशी मशीन जुन्या जागी. बाहेर खुर्च्यांवर तीन माणसं बसलेली. त्यात कोटवाल्या बाई. मला बघताच त्यांनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. मी दुसरीकडे बघत उभा राहिलो.

वही हातात दिली तसं धाकटीने घाईने ते पान काढलं, पाहिलं, मिटलं. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "उघडून पाहिली नाहीस ना रे?"

"नाही," मी म्हटलं. "दुसऱ्याची वही कशाला बघू?"

तिने सुटकेचा श्वास सोडला. पँट घेतली, माझी टीप बघून ओठ दाबून हसली, "हे कोणी केलं?" म्हटलं, एका शिंप्याने. तिने उसवली, रांगेतल्यांना म्हणाली, "दादाचं आधी करते हं, दहाच मिनिटं." मशीन सुरू झालं. ती टाके मोजत नव्हती. कोटवाल्या बाईंशी बोलता बोलता शिवत होती, आणि मध्येच गुणगुणली. दुकानात माझ्यासमोर ती एकदाही गुणगुणली नव्हती.

"घालून बघ," म्हणाली. आत जाऊन घातली. बसली.

"नीट झालीय ना रे?" तिने विचारलं आणि मशीनवरचा हात थांबवला. बाहेरच्या तिघांनीही मान वर केली.

डाव्या पायात, आतल्या बाजूला, एक टाका ओढला गेला होता. मला तो पँट घालतानाच दिसला. अजून दिसतोय. घरी येऊन पँट खुंटीला लावली तरी दिसतोय. नाही बघायचं ठरवलं तरी डोळे तिथेच जातात, त्याला मी काय करू? सव्वीस वर्षं हेच एक शिकलो.

"एकदम," मी म्हटलं. ती परत शिवायला लागली.